विश्लेषण : दातांना तारा लावण्याच्या शास्त्राचे जनक एडवर्ड अँगल यांची मोजपट्टी सगळ्या चेहऱ्यांना का लागू पडली नाही?

मुलाच्या दातांना तारा लावायच्या म्हणून दंतवैद्याकडे गेलेल्या पालकांच्या हाती हल्ली एक अहवाल पडतो. त्यात चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे असतो. त्यावर रेघा आणि कोन आखलेले असतात. एका रकान्यात मुलाचे आकडे आणि शेजारी ‘नॉर्मल’ आकडे असतात. दोन रकान्यांत फरक दिसला की पालक धास्तावतात. पण हे ‘नॉर्मल’ आकडे आले कुठून आणि ते नेमके कोणत्या लोकांचे आहेत? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका माणसाच्या आयुष्यापाशी पोहोचावे लागते. ते म्हणजे आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे, अर्थात वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या शास्त्राचे, जनक मानले जाणारे अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड हार्टली अँगल.

अँगल कोण होते?

अँगल यांचा जन्म १ जून १८५५ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, ब्रॅडफर्ड कौंटीतील एका शेतकरी कुटुंबात झाला. सात भावंडांत ते पाचवे. शेतावरची अवजारे दुरुस्त करण्याचा, नवी जुळणी करून पाहण्याचा त्यांना लहानपणापासून नाद होता. तो ओळखून त्यांना टोवांडा या गावी एका दंतवैद्याच्या हाताखाली शिकायला ठेवण्यात आले. पुढे फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीतून ते १८७८ साली पदवीधर झाले.

सुरुवात काही फार चमकदार नव्हती. प्रकृती बिघडल्याने त्यांनी गाव सोडले आणि ते मिनेसोटात गेले. तिथून मोंटानात जाऊन मेंढ्या पाळण्याचा उद्योग करून पाहिला. कडाक्याच्या हिवाळ्यात तो कोलमडला. मिनियापोलिसला परतून त्यांनी पुन्हा दंतवैद्यकी सुरू केली आणि १८८०च्या दशकाच्या मध्यात तिथे अध्यापनही करू लागले. तेव्हा दात सरळ करणे हे दंतवैद्यांचे जोडकाम होते. प्रत्येक रुग्णासाठी वेगळे यंत्र घडवायचे आणि जमेल तसे दात ढकलायचे, अशी पद्धत होती. अँगल यांनी तयार सुट्या भागांतून जुळवता येईल अशी साधने बनवली. १८८७ साली वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत त्यांनी आपली पद्धत मांडली. त्याच वर्षी त्यांचे पुस्तकही आले. पुढच्या वीस वर्षांत त्याच्या सात आवृत्त्या निघाल्या. काही वर्षांतच त्यांनी दात भरणे, काढणे ही सगळी कामे सोडून केवळ दात सरळ करण्याचे काम हाती ठेवले.

त्यांचे वर्गीकरण काय होते?

त्या काळात दातांच्या वाकडेपणाची नुसती वर्णने असत. एक दात आत, दुसरा बाहेर, तिसरा फिरलेला, एवढेच. त्यावरून दोन दंतवैद्यांना एकमेकांशी नीट बोलताही येत नसे. १८९९ साली अँगल यांनी यावर एक सोपा तोडगा काढला. साधारण सहाव्या वर्षी येणारी पहिली पक्की दाढ ही खूण धरायची. वरच्या दाढेचा पुढचा बाहेरचा उंचवटा खालच्या दाढेच्या बाहेरच्या खाचेत बसला, तर जबड्यांची मागे-पुढे बैठक बरोबर. अशी बैठक बरोबर असून पुढचे दात वेडेवाकडे असतील तर तो पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा वर्ग आणि पुढे गेली तर तिसरा वर्ग.

सव्वाशे वर्षे झाली, तरी जगभरचे दंतवैद्य आजही ‘क्लास वन, टू, थ्री’ हीच भाषा बोलतात. याचे कारण साधे आहे. दाढ दाढेवर कशी बसते, हे पाहण्यासाठी माणूस कुठल्या देशाचा, त्याचे नाक केवढे किंवा ओठ किती भरलेले, याची गरज पडत नाही. अँगल यांची ही मोजपट्टी खरोखरच सर्वांची होती. अडचण आली ती दुसऱ्या मोजपट्टीची.

अपोलोच्या पुतळ्याचा यात काय संबंध?

दात सरळ केले की चेहराही बदलतो. ओठ पुढे येतात किंवा मागे जातात. मग चेहरा कसा झाला म्हणजे उपचार यशस्वी झाला, हे ठरवायचे कसे? अँगल यांनी आरंभी यासाठी व्हॅटिकनमधील ‘अपोलो बेल्व्हेडिअर’ या संगमरवरी पुतळ्याकडे बोट दाखवले. ग्रीक देवतेच्या या मूर्तीचा बाजूने दिसणारा चेहरा त्यांनी सुसंवादाचा आदर्श म्हणून पुढे ठेवला.

ही कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. अठराव्या शतकातील डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रुस कॅम्पर (१७२२-१७८९) यांनी चेहऱ्यावर दोन रेघा काढून ‘चेहऱ्याचा कोन’ मोजण्याची रीत सुरू केली होती. त्यात ग्रीक पुतळ्यांचा कोन सुमारे १०० अंश, युरोपीय माणसांचा ८० आणि आफ्रिकी माणसांचा ७० अंश असा क्रम लागत होता. कॅम्पर स्वतः सर्व माणसांचे मूळ एकच मानत. तरीही पुढच्या शतकात त्यांच्या मोजमापाचा वापर माणसांची उतरंड लावण्यासाठी झाला. ज्याचा जबडा पुढे, तो खालच्या पायरीवर, असा अर्थ काढला गेला. म्हणजे पुतळ्याशी तुलना करण्याची सवय दंतवैद्यकात आली, तेव्हा तिच्या मागे हे ओझे आधीच होते. त्यात, आधीपासूनच ओठ-जबडा थोडा पुढे असलेला निरोगी चेहरा ‘दुरुस्त करण्याजोगा’ ठरण्याचा धोका होता.

कलावंत मित्राने काय सांगितले?

१९००च्या आसपास अँगल सेंट लुईस शहरात होते. विद्यापीठांत दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात आपल्या विषयाला पुरेसा वेळ मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती. म्हणून १९०० साली त्यांनी स्वतःची शाळा काढली. केवळ ऑर्थोडॉन्टिक्स शिकवणारी ही पहिली शाळा मानली जाते. त्याच सुमारास या तज्ज्ञांची संघटनाही उभी राहिली आणि अँगल तिचे पहिले अध्यक्ष झाले. आजची अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स ती हीच.

या शाळेत शरीररचनेबरोबर कलाही शिकवली जाई. त्यासाठी सेंट लुईसमधील चित्रकार आणि कलाशिक्षक एडमंड वुअरपेल येत. चेहऱ्याच्या सौंदर्याचे पक्के नियम मिळावेत, असे अँगल यांना वाटत होते. वुअरपेल यांनी त्यांना उलटेच समजावले. माणसांचे चेहरे इतके नाना तऱ्हेचे आहेत की एकच आदर्श सगळ्यांना लावता येणार नाही. एका चेहऱ्यावर शोभणारी हनुवटी दुसऱ्यावर विजोड दिसेल.

हट्टी म्हणून प्रसिद्ध असलेल्या अँगल यांनी हे म्हणणे मान्य केले. १९०७च्या सातव्या आवृत्तीत त्यांनी लिहून ठेवले की, चेहरा मोजणारी कोणतीही रेघ किंवा माप सर्वांना लागू पडत नाही. अपोलो हा एक नमुना झाला, सर्वांचा कित्ता नव्हे. चेहऱ्यांच्या मोजमापाच्या इतिहासात ही कबुली महत्त्वाची आहे. पण तिथेच त्यांनी एक मोठी उडी घेतली.

दात काढायचे की नाही?

चेहऱ्याला एक नियम नसेल, तर मग उपचाराचे ध्येय काय? अँगल यांचे उत्तर होते, पूर्ण दात. प्रत्येक माणसाला निसर्गाने बत्तीस दातांची योजना दिली आहे. ते सगळे आपापल्या जागी बरोबर बसवले की त्या माणसाचा चेहरा आपोआप त्याच्यापुरता सर्वोत्तम होईल. जबड्यात जागा नसेल तर जबड्याची कमान रुंदावायची. हाडावर जसा दाब येतो तशी त्याची घडण बदलते, हा जर्मन शल्यवैद्य युलियुस वुल्फ यांचा सिद्धान्त त्यांना आधाराला मिळाला. पुस्तकाच्या आधीच्या आवृत्त्यांत प्रसंगी दात काढण्याला वाव देणाऱ्या अँगल यांनी आता ते जवळजवळ निषिद्ध ठरवले.

याला विरोध केला तो शिकागोचे कॅल्व्हिन केस यांनी. काही रुग्णांत सगळे दात ओळीत बसवले तर ओठ फार पुढे येतात आणि दात पुन्हा सरकतात, असे त्यांचे म्हणणे होते. आधी चेहरा बघा, मग दात काढायचे की ठेवायचे ते ठरवा, हा त्यांचा आग्रह होता. १९११ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय दंतवैद्यक संघटनेत यावर गाजलेला वाद झाला. अँगल यांच्या बाजूने त्यांचे शिष्य मार्टिन ड्यूई उभे राहिले. अँगल यांचा दबदबा एवढा होता की पुढची काही दशके अमेरिकेत त्यांचाच पक्ष वरचढ राहिला.

शेवटची वर्षे कशी गेली?

सेंट लुईस सोडल्यावर अँगल न्यूयॉर्क, मग कनेक्टिकटमधील न्यू लंडन असे फिरत १९१६ साली कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे स्थिरावले. पत्नी ॲना हॉपकिन्स यांची त्यांना मोठी साथ होती. त्या स्वतः दंतवैद्यक शिकल्या होत्या. शाळेचा सगळा व्याप त्यांनी सांभाळला. विद्यार्थी त्यांना ‘मदर अँगल’ म्हणत. अँगल यांचे शिकवणे कडक होते. विद्यार्थी निवडून घेतले जात आणि त्यांच्याकडून पूर्ण निष्ठेची अपेक्षा असे. मतभेद झाल्यावर दुरावलेले सहकारीही कमी नव्हते.

हातातले कसब मात्र शेवटपर्यंत टिकले. त्यांच्या नावावर तीसहून अधिक पेटंट होती. पॅसाडेनातच त्यांनी ‘एजवाइज’ पद्धत विकसित केली. दातावरच्या छोट्या धातूच्या तुकड्याला चौकोनी खाच पाडायची आणि त्यात चौकोनी तार तिच्या अरुंद कडेकडून बसवायची. अशी तार दाताचा फक्त वरचा भाग नव्हे, तर मूळही हव्या त्या दिशेला वळवू शकते. आज आपल्या जिल्ह्याच्या गावातही शाळकरी मुलांच्या दातांवर दिसणाऱ्या बहुतेक ब्रेसेसची मूळ कल्पना हीच आहे. ११ ऑगस्ट १९३० रोजी सांता मोनिका येथे अँगल यांचे निधन झाले.

त्यांच्याच शिष्यांनी काय केले?

अँगल यांच्या सिद्धान्ताला सर्वात मोठा धक्का दिला तो त्यांच्याच शिष्यांनी. ॲरिझोनात व्यवसाय करणारे चार्ल्स ट्वीड हे एजवाइज पद्धतीचे निस्सीम अनुयायी. त्यांनी काही वर्षे एकही दात न काढता उपचार केले. मग जुने रुग्ण पुन्हा तपासले. अनेकांचे दात परत वाकडे झाले होते आणि चेहरेही मनासारखे नव्हते. ट्वीड यांनी अशा रुग्णांच्या सुळ्यामागच्या छोट्या दाढा काढून पुन्हा उपचार केले. १९४० साली त्यांनी अशा शंभर रुग्णांचे नमुने तज्ज्ञांपुढे ठेवले. विरोध खूप झाला, पण हळूहळू मत पालटले.

दुसरे शिष्य रेमंड बेग. पॅसाडेनात शिकून ते १९२५ साली ऑस्ट्रेलियात ॲडलेडला परतले. तिथल्या आदिवासींच्या दातांचा त्यांनी अभ्यास केला. पारंपरिक, भरड अन्न खाणाऱ्या या लोकांचे दात चावण्याच्या बाजूने आणि एकमेकांना टेकतात त्या बाजूनेही झिजत. त्यामुळे आयुष्यभरात दातांची ओळ थोडी आखूड होई. मऊ अन्न खाणाऱ्यांत ही झीज होत नाही. म्हणून जागा कमी पडते, असा तर्क बेग यांनी १९५४ साली मांडला. दाटीचे हे स्पष्टीकरण आज पूर्ण मानले जात नाही. पण दातांची ‘नैसर्गिक’ स्थिती म्हणजे काय, याचे उत्तर आहार आणि राहणी यांनुसार बदलते, हे त्यातून लक्षात आले.

एक्स-रेने काय बदलले?

तिसरे शिष्य होली ब्रॉडबेंट. डोके एका चौकटीत ठरावीक स्थितीत धरून चेहऱ्याचा एक्स-रे काढण्याची पद्धत त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केली. अँगल यांच्या स्मरणार्थ निघालेल्या ‘अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट’ या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षी हा लेख आला. त्याच वर्षी जर्मनीत हॉफराथ यांनीही अशी पद्धत मांडली. आता पुतळ्याची किंवा अंदाजाची गरज उरली नाही. जिवंत माणसाच्या हाडांमधले कोन मोजता येऊ लागले.

पण मोजायचे कोणाला? विल्यम डाउन्स यांनी १९४८ साली जे प्रमाण ठरवले, ते १२ ते १७ वयोगटातील उत्तम दातांच्या २० गोऱ्या अमेरिकी मुलामुलींवरून. अँगल यांचेच शिष्य सेसिल स्टायनर यांनी १९५३ साली दिलेले आकडे तर आजही अहवालांत छापलेले दिसतात. कवटीच्या तळाशी वरचा जबडा ८२ अंशांचा आणि खालचा जबडा ८० अंशांचा कोन करतो, दोहोंतला फरक २ अंश असावा, असे ते सांगतात. संगमरवरी अपोलोची जागा आकड्यांनी घेतली. तरी त्या आकड्यांमागचा चेहरा अजून एकाच समूहाचा होता.

मग फरक कसा उघड झाला?

१९५१ साली कॉटन, ताकानो आणि वाँग या तीन संशोधकांनी डाउन्स यांची मोजपट्टी कृष्णवर्णीय, जपानी वंशाच्या आणि चिनी वंशाच्या व्यक्तींना लावून पाहिली. या व्यक्तींचे दात चांगले होते, तरी त्यांचे आकडे डाउन्स यांच्या आकड्यांशी जुळले नाहीत. म्हणजे बिघाड चेहऱ्यांत नव्हता, मोजपट्टीत होता. हा अभ्यास छापला गेला तो ‘अँगल ऑर्थोडॉन्टिस्ट’मध्येच. ज्यांनी एकेकाळी ग्रीक पुतळा समोर ठेवला, त्यांच्याच नावाच्या नियतकालिकातून त्या विचाराची मर्यादा पुढे आली.

त्यानंतर असे अभ्यास जगभर झाले. आफ्रिकी आणि पूर्व आशियाई वंशाच्या अनेक समूहांत पटाशीचे दात सरासरीने अधिक पुढे झुकलेले आणि ओठ अधिक भरलेले आढळतात. ती त्यांची सर्वसाधारण ठेवण आहे, आजार नव्हे. दातांच्या मापांचेही तसेच. वरच्या आणि खालच्या दातांच्या रुंदीचे प्रमाण वेन बोल्टन यांनी १९५८ साली ५५ जणांवरून काढले. बारा दातांसाठी ते ९१.३ टक्के आणि पुढच्या सहा दातांसाठी ७७.२ टक्के. २००० साली अमेरिकेत तीन समूहांवर झालेल्या अभ्यासात हे प्रमाण फक्त गोऱ्या स्त्रियांना नीट लागू पडते, असे दिसले. भारतात नंदा यांनी उत्तर भारतीयांची स्वतंत्र मोजमापे १९६९ साली प्रसिद्ध केली. पुढे देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांतील लोकांवरही असे अभ्यास होत आले.

आज याचा अर्थ काय घ्यायचा?

एक म्हणजे, प्रत्येक समूहाला वेगळी मोजपट्टी दिली की प्रश्न मिटला असे नाही. एकाच समूहातल्या दोन माणसांतला फरक हा दोन समूहांच्या सरासरीतल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. घराघरांत पाहिले तरी हे दिसते. एक भावंड आईच्या वळणावर जाते, दुसरे आजोबांच्या. त्यामुळे सरासरी ही ओळखीची खूण आहे, गाठायचे लक्ष्य नाही.

दुसरे म्हणजे, अहवालातला ‘नॉर्मल’ रकाना वाचताना पालकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत. हे आकडे कोणत्या लोकांवरून काढले आहेत? माझ्या मुलाला चावताना, बोलताना किंवा दात स्वच्छ ठेवताना खरोखर अडचण आहे का? दात काढावे लागणार असतील, तर काढल्याने आणि न काढल्याने चेहऱ्यात काय फरक पडेल? पक्का दात एकदा काढला की परत येत नाही. म्हणून हा निर्णय केवळ एका आकड्यावर घेतला जाऊ नये.

अँगल यांच्या आयुष्याकडे पाहिले तर त्यांनी दिलेल्या दोन गोष्टी टिकल्या, त्या म्हणजे दाढांचे वर्गीकरण आणि चौकोनी तार. दोन गोष्टी टिकल्या नाहीत, पुतळ्याचा आदर्श आणि सर्वांना बत्तीस दातांचा आग्रह. पहिली चूक त्यांनी स्वतः सुधारली, दुसरी त्यांच्या शिष्यांनी. कोणतेही माप सर्व चेहऱ्यांना लागू पडत नाही, हे १९०७ साली त्यांनीच लिहून ठेवले होते. छापील आकड्यांचा अहवाल हाती आला, की मुलाच्या चेहऱ्याकडे पाहताना तेवढे वाक्य आठवले तरी पुरे.